यंत्राचा आवाज मोजता, मग कापडाची झीज का नाही?

युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या कपडे धुण्याच्या यंत्रांवर मार्च २०२१ पासून जे लेबल लागतं, त्यावर आकड्यांची कमतरता नाही. १०० धुलायांना किती युनिट वीज लागेल, एका धुलाईला किती लिटर पाणी, ड्रममध्ये किती किलो कपडे मावतात, 'इको ४०-६०' हा वीज वाचवणारा प्रोग्राम किती वेळ चालतो, कपडे पिळताना यंत्र किती डेसिबल आवाज करतं, सगळं छापलेलं असतं. शेजाऱ्याची झोपमोड किती होईल हे दुकानातच कळतं. ज्या कापडासाठी यंत्र घ्यायचं त्याचं काय होईल, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. कपडे पुरेसे स्वच्छ निघतात का, हे त्या नियमांत तपासलं जातं. ती स्वच्छता किती कापड खाऊन मिळाली, हे तपासलं जात नाही.

तो आकडा लेबलवर यायला हवा. कपडे टिकत नाहीत अशी तक्रार केली की हल्ली दोनच उत्तरं मिळतात: एक, कापडच हलकं येतं, दोन, तुम्हाला धुता येत नाही. दोन्हींत तथ्य आहे. पण या भांडणात तिसरा भिडू, म्हणजे यंत्र, नेहमी नामानिराळा राहतो.

कापड धुताना नेमकं काय होतं ते आधी पाहू. सुती धागा पाणी पिऊन फुगतो. ओला सुती तंतू कोरड्यापेक्षा थोडा मजबूतच असतो, त्यामुळे तो ताणाने तुटत नाही. तो घासून मरतो. फुगलेला धागा ताठ होतो, घडीवर नीट वाकत नाही, आणि ड्रम फिरताना त्याच घड्या पुन्हापुन्हा दुसऱ्या कपड्यांवर रगडल्या जातात. म्हणून कॉलरची घडी, बाहीची कड, खिशाचं तोंड आणि पँटची तळाची दुमड आधी विरते आणि पाठीचा भाग शाबूत राहतो. गडद रंगाच्या पँटवर धुतल्यानंतर ज्या पांढुरक्या रेघा दिसतात, तिथला रंग नुसता पाण्यात उतरलेला नसतो. तिथला रंगवलेला थरच खरवडून गेलेला असतो. ड्रायरच्या जाळीत साठणारा मऊ थर हा कचरा समजून आपण फेकतो. तो मुख्यतः आपल्याच कपड्यांचा असतो.

व्हिस्कोजचं, म्हणजे रेयॉनचं, गणित उलटं. ओलं झालं की त्याची जवळपास अर्धी ताकद जाते. सुती शर्टाला जो प्रोग्राम सोसतो, तोच व्हिस्कोजच्या कुर्त्याची शिवण फाकवतो. लोकरीच्या तंतूवर खवले असतात; कोमट पाणी, साबण आणि हालचाल एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. तो पुन्हा मोकळा होत नाही, काहीही करा.

हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुलाईचा हिशेब एका वर्तुळात मांडला. वर्तुळाचे चार तुकडे: साबणाचं रसायन, उष्णता, घासणं-आपटणं आणि वेळ. एक तुकडा लहान केला की तेवढीच स्वच्छता मिळवायला बाकीच्यांपैकी कुणीतरी मोठं व्हावं लागतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत नियमांनी उष्णतेचा तुकडा लहान केला, कारण यंत्रातली बरीचशी वीज पाणी तापवण्यात जाते. डिसेंबर २०१३ पासून युरोपात यंत्रावर २० अंशांचा प्रोग्राम असणं सक्तीचं झालं. हे योग्यच झालं; थंड पाण्यात रंग कमी जातो, कपडे कमी आटतात, इलॅस्टिक जास्त टिकतं. पण उष्णतेची कमी वेळेने भरून काढली गेली. 'इको' प्रोग्राम तीन-साडेतीन तास चालतो तो यामुळे. त्या तीन तासांत ड्रम किती वेळ फिरला, किती वेळ नुसता भिजवत थांबला, फिरताना किती जोराने फिरला, यावर कापडाचं भवितव्य ठरतं. दोन यंत्रांचा लेबलवरचा वीजबचतीचा दर्जा सारखा असेल आणि एक यंत्र कापड दुप्पट घासत असेल, तर लेबल वाचून ते कळायला काही मार्ग नाही. वीज वाचवणं आणि कापड वाचवणं ही एकच गोष्ट आहे असं आपण गृहीत धरतो. ती पुष्कळदा एक असते, दर वेळी नसते.

झीज मोजता येत नाही, अशी सबब इथे चालणार नाही. मोजायची रीत जुनी आहे आणि ओशाळवाणी वाटावी इतकी साधी आहे. साध्या विणीच्या सुती कापडाचा एक तुकडा घेतात, त्यात ३५ मिलिमीटर व्यासाची पाच गोल भोकं पाडलेली असतात. भोकांच्या कडा शिवलेल्या नसतात. हा तुकडा इतर कपड्यांबरोबर यंत्रात टाकतात आणि धुऊन झाल्यावर प्रत्येक भोकाच्या कडेने किती धागे विणीतून सुटले ते मोजतात. जास्त धागे सुटले म्हणजे जास्त रगड. यंत्राचे प्रोग्राम बसवणारे अभियंते अशा तुकड्यांवरच 'नाजूक' प्रोग्राम खरोखर नाजूक आहे की नाही ते ठरवतात. हॉटेल-रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या धोबीखान्यांसाठीही चाचणी आहे: प्रमाणित सुती पट्टी ५० वेळा धुवायची, मग ओढून तोडायची आणि नव्या पट्टीच्या तुलनेत ताकद किती घटली ते पाहायचं. म्हणजे आकडा काढता येतो, काही ठिकाणी काढलाही जातो. घरी यंत्र घेणाऱ्याला तेवढा तो दिसत नाही.

यावर उत्पादकांकडून एक उत्तर ठरलेलं असतं: लोक ड्रम ठासून भरतात, भलताच प्रोग्राम लावतात, त्याला आम्ही काय करणार? प्रश्न रास्त आहे. ड्रम ठासून भरला की कपड्यांना वर जाऊन खाली पडायला जागा उरत नाही. ते जागच्या जागी एकमेकांवर घासतात, साबण आत पोचत नाही, विसळणंही अर्धवट होतं. सुती कपडे भरल्यावर ड्रमच्या वरच्या बाजूला उभा तळहात सहज जाईल एवढी जागा हवी. कृत्रिम धाग्याचे कपडे अर्ध्या ड्रमपर्यंत, लोकरीचे एक तृतीयांशापर्यंत. याउलट चारच कपडे टाकले तर ते दर फेऱ्याला उंचावरून आपटतात, तेही वाईट. पण यंत्र चालू केलं की डायल आपोआप कुठे जाऊन थांबतो ते बघा. बहुतेकदा सुती कपड्यांचा, भरपूर वेळेचा, जोरात पिळण्याचा प्रोग्राम समोर येतो. रोजच्या कपड्यांत, अंगाचा वास आणि वरवरची धूळ सोडली तर धुण्यासारखं फारसं काही नसतं. त्यांना ३० अंश आणि ४०-५० मिनिटं पुष्कळ होतात. तेव्हा यंत्राने आधी तो प्रोग्राम समोर ठेवावा आणि ज्याला चिखलाचे कपडे धुवायचे असतील त्याने बटण फिरवावं. आज याच्या बरोब्बर उलट चाललं आहे. माणूस घाईत असतो, समोर आलेलं बटण दाबतो. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही.

पिळण्याचंही तसंच. मिनिटाला १,४०० फेऱ्यांना पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं, ८०० फेऱ्यांना साधारण ७० टक्के. ड्रायरमध्ये टाकायचे असतील तर जास्त पिळलेलं परवडतं, कारण ड्रायरमधला वेळ वाचतो. दोरीवर वाळायचे असतील तर शर्ट, कुर्ते यांना ६०० ते ८०० पुरे; थोडं पाणी राहिलं की त्या वजनाने सुरकुत्याही ओघळून जातात. टॉवेल-चादरींना १,२०० लावायला हरकत नाही. हाताने पिळणाऱ्यांनी दोन टोकं धरून पीळ देण्याऐवजी कपडा टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा, निदान लोकर, रेशीम आणि व्हिस्कोज तरी. ब्रशने कॉलर घासायची सवय असेल तर तीच कॉलर आधी फाटेल, हे समजून घासावी. त्यापेक्षा द्रव साबण बोटाने चोळून पंधरा मिनिटं ठेवला की बहुतेक मळ सुटतो.

टाकण्यापूर्वी चेन लावा, कारण उघड्या चेनचे दात शेजारच्या टी-शर्टला करवतीसारखे लागतात. बटणं मात्र उघडी ठेवा. लावलेली असली की ड्रममधला सगळा ताण काजावर येतो. जीन्स उलटी करून. हूकवाले कपडे जाळीच्या पिशवीत. टॉवेल गडद कपड्यांबरोबर कधीच नाही.

साबणाच्या बाबतीत दोष जवळजवळ पूर्णपणे झाकणाचा आहे. मोजायच्या झाकणावर आतल्या बाजूला तीन रेघा असतात, त्याच रंगाच्या, उजेडात तिरकं धरल्याशिवाय न दिसणाऱ्या. सगळ्यात खालची रेघ रोजच्या साधारण मळलेल्या कपड्यांची असते, आणि माणूस झाकण भरून ओततो. जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. फेसाची गादी होते, कपडे एकमेकांवर नीट पडत नाहीत, मळ सुटत नाही. विसळून न गेलेला साबण कापडात राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि पांढरा कपडा राखाडी पडतो. मग तो मळला म्हणून पुन्हा धुतला जातो, आणखी जास्त साबणात. पाण्यात क्षार जास्त असतील, लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर, तर मात्र साबण थोडा वाढवावाच लागतो, कारण काही भाग क्षारांशी झुंजण्यात खर्च होतो. पाकिटामागच्या तक्त्यात पाण्याप्रमाणे माप दिलेलं असतं. तपासायची युक्ती सोपी आहे: धुतलेले तीन-चार टॉवेल साबण न घालता ४० अंशांना फिरवा. दारातून फेस दिसला तर तो आधीच्या धुलायांचा आहे. खालची रेघ ठळक, लाल रंगात छापणं हे कुठल्याही कंपनीला अवघड नाही. ते होत नाही, कारण बाटली लवकर संपण्यात कुणाचा फायदा आहे ते उघड आहे.

पावडर की द्रव, याचं उत्तर कपड्यावर आहे. पांढऱ्या कपड्यांच्या पावडरीत बहुधा ऑक्सिजनवालं ब्लीच असतं, द्रव साबणात ते टिकत नाही म्हणून नसतं. तेव्हा पांढऱ्यांना पावडर, गडद रंगांना द्रव. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं आहेत. डागांतली प्रथिनं तोडण्यासाठी साबणात जे एन्झाइम घालतात ते यांनाही पोखरतं, म्हणून त्यांचा साबण वेगळा. क्लोरीनवालं ब्लीच सुती कपड्याला पांढरं करतं आणि दर वेळी थोडं कमजोर करतं. स्पँडेक्सला पिवळं पाडून त्याचा जीव काढतं. काखेतले पिवळट डाग तर त्याने आणखी पिवळे होऊ शकतात. मऊपणा आणणारा द्रव टॉवेलला घालू नये. तो तंतूंवर मेणचट थर चढवतो आणि टॉवेल पाणी टिपायचं विसरतो. आणि मिठाच्या पाण्यात भिजवून नव्या कपड्याचा रंग 'पक्का' होतो, हा समज आता सोडायला हरकत नाही. मीठ रंगवताना, रंगाच्या हौदात उपयोगी पडतं. रंगून आलेल्या कपड्याला त्याने काही होत नाही.

यंत्र आणि साबणानंतर कपड्याचं स्वतःचं लेबल. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने कपड्यावर निगेची सूचना १९७१ मध्ये सक्तीची केली. नियम काढून टाकायचा प्रस्ताव २०२० मध्ये आला आणि २०२१ मध्ये तो बारगळला, हे चांगलं झालं. पण त्या नियमाला एक सुरक्षित पद्धत सांगितली की पुरतं. म्हणून उत्पादक हात झटकून मोकळे होतात: सोसत असतं ४० अंश, लिहितात थंड पाणी, हाताने सहज धुता येतं, लिहितात ड्राय क्लीन. लेबल असं भित्रं झालं की लोक सगळीच लेबलं कात्रीने कापून टाकतात, खरी गरज असलेलीसुद्धा. चिन्हं वाचायला आली तर निदान काही कळतं. टबातला आकडा हा वरची मर्यादा आहे, शिफारस नाही. ४० लिहिलं असेल तर ३० ला धुवायला पूर्ण मुभा आहे. टबाखाली एक आडवी रेघ म्हणजे सौम्य प्रोग्राम, दोन म्हणजे अति सौम्य. चौकोनातल्या वर्तुळात एक ठिपका असेल तर ड्रायर ६० अंशांपर्यंत, दोन असतील तर ८०. चौकोनात आडवी रेघ असेल तर पसरून वाळवा, कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा असतील तर सावलीत.

यातही तीच गोष्ट लपलेली आहे. मोठे ब्रँड कापड विकत घेताना चाचण्या करून घेतात: धुताना रंग किती उतरतो, पृष्ठभागावर गोळे किती येतात, लांबी-रुंदी किती टक्के आटते. या प्रत्येकासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं प्रमाण आहे; रंगाला आणि गोळ्यांना ५ पैकी गुण मिळतात. ते कागद कारखाना आणि ब्रँड यांच्यामध्ये फिरतात. कपडा वापरणार कोण आणि गुण कळणार कुणाला, हे उमजायला फार हुशारी लागत नाही. युरोपचा टिकाऊ उत्पादनांचा नियम जुलै २०२४ मध्ये लागू झाला आणि त्यात डिजिटल पासपोर्टची, म्हणजे वस्तूबरोबर येणाऱ्या डिजिटल माहितीपत्रकाची, सोय आहे. त्या पासपोर्टमध्ये धागा कुठून आला हे सांगण्याआधी 'गोळे ५ पैकी ३' एवढं लिहिलं तरी निम्मं काम होईल.

कमी गरम, कमी वेळ म्हटलं की स्वच्छतेचा आक्षेप येतो, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. आजारी माणसाच्या चादरी, उशांचे अभ्रे, किचनमधली फडकी यांना ६० अंश हवेतच. धुळीतले माइट्स त्या तापमानाला मरतात, थंड पाण्यात पुष्कळ वाचतात. सतत थंड पाणी वापरलं तर यंत्राच्या रबरी कडेला आणि साबणाच्या खणात बुळबुळीत थर धरतो आणि धुतलेल्या कपड्यांनाच वास येतो. महिन्यातून एकदा रिकामं यंत्र ६० अंशांवर ऑक्सिजन ब्लीच घालून फिरवणं आणि एरवी दार उघडं ठेवणं, एवढ्याने तो जातो. पण म्हणून एकदा घातलेला स्वेटर किंवा जीन्स ६० ला उकडायची गरज नाही. रात्रभर हवेशीर जागी टांगली तरी भागतं. मोजे आणि आतले कपडे रोज, बाकीचे नाकाने ठरवावेत.

वाळवण्याच्या बाबतीत सार्वजनिक प्रश्न आणखी उघडा आहे. कापसात नेहमीच्या हवेत साधारण ८ टक्के ओलावा असतो, लोकरीत १६ च्या आसपास. ड्रायर हा ओलावाही काढून घेतो. तंतू ठिसूळ होतात आणि त्याच अवस्थेत पुढची दहा मिनिटं आपटत राहतात. आटणं आणि झिजणं दोन्ही तिथे होतं. ड्रायर वापरायचाच असेल तर कपडे किंचित दमट असताना काढावेत आणि हवेवर सोडावेत. दोरी याहून बरी, पण ती रिकामी जागा मागते. कित्येक इमारतींत बाहेर कपडे दिसू नयेत असा नियम असतो; सौंदर्यासाठी, म्हणे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात सौरऊर्जेच्या पॅनेलबरोबर कपड्यांच्या दोरीलाही नाव घेऊन संरक्षण दिलं आहे. असा कायदा सगळीकडे हवा, आणि घरं बांधतानाच दोरीला हवेशीर जागा ठेवायला हवी. बंद खोलीत दाटीवाटीने टांगलेले कपडे दिवसभर ओले राहिले की मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू त्यात वाढतो आणि तो ओळखीचा कुबट वास येतो. मग पुन्हा धुणं आलं. म्हणजे जागेची टंचाईही शेवटी कापडावरच निघते. आतच वाळवायचे असतील तर दोन कपड्यांत चार बोटं अंतर आणि समोर पंखा, एवढं तरी करावं.

ऊन हे मित्र आणि वैरी दोन्ही. रंगीत कपडे उलटे करून सावलीत. ओला रंग उन्हात कोरड्यापेक्षा लवकर विटतो. पांढऱ्या सुती कपड्यांना कडक ऊन चालतं, पण वाळल्यावर संध्याकाळपर्यंत तिथेच सोडू नयेत. रेशीम आणि नायलॉन उन्हात चटकन कमजोर होतात. शर्ट खालच्या कडेने, बगलेच्या शिवणीवर चिमटा लावून. विणलेले स्वेटर कधीही टांगू नयेत, पाण्याच्या वजनाने खांदे ओघळतात. टॉवेल टांगण्यापूर्वी आणि वाळल्यावर दोनदा जोरात झटकला की कडकपणा बराच कमी होतो.

धुण्याचाच सगळा दोष आहे असंही नाही. टी-शर्टच्या पोटावर, बटणापाशी जी बारीक भोकं पडतात ती बहुतेक पट्ट्याच्या बकलाने आणि ओट्याच्या कडेने पडतात. तिथे यंत्राला जबाबदार धरणं अन्याय होईल. झिजेचा आकडा लेबलवर आला तर उत्पादक तोच एक प्रोग्राम सुधारतील आणि बाकीचे तसेच ठेवतील, ही भीतीही खरी आहे. म्हणून आकडा दोन प्रोग्रामांचा हवा: एक, यंत्र चालू केल्यावर जो आपोआप समोर येतो तो, आणि एक 'नाजूक' म्हणून विकला जातो तो.

तोवर आपल्या यंत्राची रगड घरीही ताडून पाहता येते. जुन्या पण न विरलेल्या सुती चादरीतून वीतभराचे दोन चौकोन कापा, बाहेरच्या कडा दुमडून शिवा आणि प्रत्येकाच्या मधोमध बाटलीच्या झाकणाएवढं गोल भोक पाडा. भोकाची कड शिवू नका. एक चौकोन नेहमीच्या प्रोग्रामला टाका, दुसरा ३० अंशांच्या छोट्या प्रोग्रामला. दोन्ही वेळा कपडे तेवढेच आणि पिळण्याचे फेरे तेवढेच ठेवा. सावलीत वाळवून, न ओढता, कडेच्या विणीतून सुटून भोकात आलेले धागे मोजा. दोन्ही चौकोनांत किती फरक पडला ते पाहा. लेबलवर छापायला हवा तो हाच फरक.